परबांचा गणपती आणि कॅप्टनचा हीटर

दुबईजवळ फुजैरात आमचं बोटी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे अरबाबचं, आमच्या अरबी मालकाचं, पण इतकी वर्षं तिथलं ऑफिस सांभाळल्यावर मी बिनदिक्कत 'आमचं' म्हणते. तिथे दोन गोष्टींना तोटा नाही: वाळू आणि किस्से. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी दाराशी पुन्हा ढीग! आणि किश्शांतले निम्मे एकट्या त्या हीटरचे.

हो, हीटरच. माझ्या सासूबाईंनीही फोनवर हेच विचारलं होतं, "अगं, तिथे अंडं फुटपाथवर शिजतं म्हणतेस, आणि हीटर कसला दुरुस्त करता?"

तर एका स्कॉटिश कॅप्टनची बोट नॉर्वेला जायची होती. बोटीत डिझेलवर चालणारा हीटर होता आणि तो पेटत नव्हता. महिना ऑगस्टचा. आणि आमचा मेकॅनिक संतोष परब, देवगडचा, गणपतीला घरी जायच्या तयारीत. कोकणातला माणूस एकवेळ स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचेल, पण गणपतीला नाही. अरबाबनी त्याला सांगितलं, हीटर पेटला की तू सुटलास, इन्शाल्ला.

संतोष माझ्यापाशी येऊन बसला. "ताई, ते इन्शाल्ला म्हणाले ना, तिथेच मी भरलेली बॅग पुन्हा उघडली."

* * *

पहिल्याच दिवशी संतोषने स्विच दाबला. पंखा फिरला, बाकी शांत. त्याने डिझेलचा पाइप सोडवला, फिल्टर धुतला, पंप काढून पुन्हा बसवला. हीटर ढिम्म. आमचे सुपरवायझर डॉमनिक अंकल, वसईचे, स्वतः आत शिरले आणि घामाने निथळत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी कॅप्टनने डोकं आत घालून थर्मोस्टॅट पाहिला आणि हसायलाच लागला. हीटर फार तर तीसवर लावता येतो आणि केबिनमध्ये चव्वेचाळीस! तो बिचारा पेटणार कशाला? त्याच्या हिशोबाने घर मस्त उबदार होतं.

मग हीटर तपासायला आम्ही भाड्याने एसी आणला. तो बोटीत चढवताना गेटवरच्या वॉचमनने विचारलं, हा कशासाठी? डॉमनिक अंकल शांतपणे म्हणाले, "हीटर को ठंड लगानी है." त्याने त्यानंतर आम्हाला कधीच काही विचारलं नाही.

* * *

केबिन गार झाली आणि पंप टिकटिक करू लागला. हा छोटा पंप थेंब थेंब डिझेल पुढे ढकलतो. टिकटिक ऐकू आली म्हणजे नाडी सुरू आहे. पण पांढरा धूर आला आणि सगळं विझलं.

पारदर्शक पाइपमध्ये हवेचे बुडबुडे दिसत होते. हवा कुठून शिरते ते सापडेना. संतोषने टाकीला दोष दिला, पंपाला दिला, बोट बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना दिला. शेवटी डॉमनिक अंकलनी पाइपच्या जोडावर बोट ठेवलं. क्लिप सैल होती. परवा, गरज नसताना, पाइप सोडवला होता तो कुणी? संतोषने स्क्रूड्रायव्हर उचलला. त्या दिवशी त्याने चहासुद्धा मागितला नाही.

* * *

आता हीटर सकाळी डिझेल भरलं की पेटायचा आणि दुपारी विझायचा. रोज. एके दिवशी मात्र तो दिवसभर चालला. आम्ही खूश. मग माझ्या लक्षात आलं की संतोष सारखा कॅन घेऊन बोटीवर जातोय. टाकी जरा उतरली की हीटर विझतो हे त्याने ओळखलं होतं, आणि हा बाबा तिला काठोकाठ भरत बसला होता.

मी म्हटलं, "अरे, नॉर्वेला पण तूच जाणार आहेस का कॅन घेऊन?"

"ताई, माझं विमान उडेपर्यंत चालू दे फक्त."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण अंकलनी टाकी उघडायला लावली. आत डिझेल ओढून घेणारी नळी कुणीतरी आखूड कापलेली, तळापर्यंत पोचतच नव्हती. लांब नळी बसवली आणि काम झालं.

* * *

शेवटची ट्रायल बघायला अरबाब स्वतः आले. एसी एका बाजूला, हीटर दुसऱ्या बाजूला, मध्ये पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात अरबाब. हीटर असा काही भडकला की त्यांनी दोन मिनिटांत रुमाल काढला. "खलास, झालं काम! यल्ला, जा घरी. पण हा बंद पडला, तर पुढच्या विमानाने परत."

संतोषने आनंदाने सगळी आवराआवर केली. सुट्टीवर जाताना आम्ही इथले लोक करतो तसंच: मोरीची भोकं बंद, खिडक्यांना टेप, एसीच्या फटीत फडकी. परत येऊन वाळू कोण उपसणार! खोली झाली, टूलबॉक्स झाला, हात लागेल ते सगळं त्याने बंद केलं आणि तो गेला.

* * *

चतुर्थीच्या सकाळी बोट निघायची होती, म्हणून आम्ही सगळे बोटीवर होतो. कॅप्टनने एसीने केबिन गार करून हीटर लावला. पेटला, आणि थोड्या वेळाने विझला. अरबाबनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, लाव त्याला फोन.

देवगडचं घड्याळ दीड तास पुढे, तिथे दुपारची आरती चालू होती. संतोषने फोन घेतला, मी स्पीकर लावला. मागून झांजा आणि टाळ्यांचा असा गजर की आमची केबिन दणाणली. मी ओरडून सांगितलं, हीटर विझला. त्याचा आवाज एकदम उतरला.

"अप्पाकाका, झांजा थांबवा जरा. पंप ऐकू येत नाही."

आरती थांबली. एक म्हातारी म्हणाली, "आरती अर्धी टाकूक नये रे झिला." अंकलनी पुन्हा स्विच दाबला आणि मी फोन पंपाजवळ धरला. फुजैरातल्या पंपाची टिकटिक परबांचं अख्खं घर हात जोडून ऐकत होतं.

"पंप बरा आहे," संतोष म्हणाला. "टाकीचं झाकण उघडा."

अंकलनी उघडलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली.

तिकडे संतोषने कपाळ बडवल्याचं ऐकू आलं. मग अगदी बारीक आवाज. "ताई... टाकीला हवा जायची नळी आहे ना, तिच्या तोंडात बघा."

अंकलनी नळीच्या तोंडातून ओढून काढलं ते संतोषचं लाल फडकं. ते त्यांनी अरबाबला दिसायच्या आत खिशात घातलं. स्विच दाबला. टिक, टिक, टिक... आणि भक्कन हीटर पेटला!

"पेटला रे!" मी ओरडले. फोनमधून पन्नास गळ्यांनी "मोरया!" केलं आणि आरती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

कॅप्टन फोनकडे बघतच राहिला. "कोण आहेत हे लोक?" त्याने विचारलं.

डॉमनिक अंकलनी खिशावर हात दाबला. "हेड ऑफिस, सर."