केरबाचा धूर आणि तानाबाईची पेटी

शाहूवाडीच्या डोंगरात तीस वर्षं मधाची पोळी काढणारा केरबा कुणावर जळत असेल, तर आपल्या बायकोवर. भावकीवर जळावं, शेजाऱ्यावर जळावं, ते माणसाला शोभतं तरी. पण सख्ख्या बायकोवर? जळत होता खरा, आणि त्याचं कारण होतं परसातल्या चार लाकडी पेट्या.

तानाबाई बचत गटातल्या बायकांबरोबर दहा दिवसांच्या शिबिराला निघाली, तेव्हा केरबा पोट धरून हसला होता. "माश्या पाळायच्या? म्हशी हायत व्हय त्या?" ती येताना एक पेटी घेऊन आली आणि दोन वर्षांत एकीच्या चार केल्या. राणी कुठली, कामकरी कुठल्या, पोळ्यात पिल्लं कुठं आणि मध कुठं, सगळं तोंडपाठ. पोळं न मोडता मध काढायची, तेही तोंडावर जाळी न घेता. केरबाच्या अंगावर आजवर किती नांग्या मोडल्या त्याला गणती नाही. मेल्या माश्या हिला ओळखतात की काय, असं त्याला वाटायचं.

पूर्वी कुणाला मध लागला की माणसं केरबाला शोधत यायची. आता फोन यायचा, "तानाबाई हायत का?" घरात फोन एकच आणि तो केरबाच्या खिशात. "हायत, देतो," म्हणताना त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी जयसिंगपूरकडून चनबसाप्पा आणि त्याची बायको शांतव्वा यायची होती. त्यांच्या काकडीला फुलं मायंदाळ, पण फळ धरत नव्हतं. रानात माश्यांच्या पेट्या ठेवायच्या, तर आधी बघून घ्यावं म्हणून ती येणार होती. तानाबाई डेअरीत दूध घालायला गेली आणि पाहुणे तासभर आधीच दारात हजर.

"तानाबाई कुठं हायत?" शांतव्वानं विचारलं.

पुन्हा तानाबाईच! केरबाचं डोकं सणकलं.

"येतीया. पर तिची काय गरज हाय? मी दावतो की, पावणं! ह्यात माझी हयात गेली."

पाच मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. त्यानं ओला पाला आणि गोणपाट पेटवलं आणि चारातली सगळ्यात भरलेली पेटी उघडली. ती तानाबाईची पहिली पेटी. बाकीच्या तिघी तिच्यातनंच फुटलेल्या. कड्यावरच्या आग्या माश्यांना द्यावा तसा दणदणीत धूर त्यानं ह्या घरच्या गरीब सातेरी माश्यांना दिला. कड्यावर माश्या उठवायच्या असतात, पेटीत बसवून ठेवायच्या असतात, एवढा साधा फरक बाबाला कुणी सांगावा? वर पोळ्यांच्या चौकटी अशा हिसडल्या की दोन पोळी तुटून खाली पडली. बघता बघता पेटीतनं काळा लोंढा बाहेर पडला, परसाभर घोंघावला आणि फणसाच्या वरच्या फांदीला जाऊन लटकला. पेटी रिकामी! पाहुणे गोठ्यात पळाले.

तेवढ्यात तानाबाई आली. तिनं पेटी बघितली, फणसाकडं बघितलं. आता ही पाहुण्यांसमोर आपली काढणार, म्हणून केरबानं मान आत ओढून घेतली.

"घाबरू नगा," ती शांतव्वाला म्हणाली, "आमच्या मालकांसारखा झाडावरनं माश्या उतरवणारा पंचक्रोशीत न्हाय."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. केरबा वेताची बुट्टी घेऊन फणसावर चढला. हे काम मात्र त्याचंच. उघड्या हातानं त्यानं तो घोस हळूहळू चाचपला आणि राणी सापडली. काळी, लांबट. चिमटीत अलगद धरली.

आणि तिथं, त्या फांदीवर, त्याच्या मनात नको ते आलं. हिला आत्ता चिरडली तर? राणी गेली की ही पेटी संपली. पाहुणे हात हलवत जातील, चार ठिकाणी सांगतील, तानाबाईच्या पेट्यांत काय राम नाही. फोन बंद होतील. माणसं पुन्हा केरबाला शोधत येतील. बोटं जरा आवळलीसुद्धा त्यानं.

खाली तानाबाई मोडलेली पोळी परातीत गोळा करत होती. त्यातली पांढरी पिल्लं ती एकेक उचलून बघत होती, जगतील का मरतील म्हणून. डोळ्याला पदर लावत होती, पण पाहुण्यांकडं पाठ करून. नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून.

केरबाला स्वतःचीच शिसारी आली. त्यानं राणी काड्यापेटीत घातली, काड्यापेटी बुट्टीत ठेवली. माश्या आपसूक तिच्याभोवती उतरू लागल्या. मग त्यानं घसा खाकरला आणि चनबसाप्पाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, पेटीत घातल्यावर ह्या परत उठू नयेत म्हून काय करायचं असतंय? मला ठावं न्हाय. तू सांग."

तानाबाई वर बघतच राहिली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि ह्या माणसानं तिला आजवर भाकरीपलीकडं काही विचारलं नव्हतं.

"दाराला जाळी लावायची, राणी मावणार न्हाय अशी," ती म्हणाली. "आन् आधी ही पोळी केळीच्या सोपटाच्या दोरीनं चौकटीला बांधायची. या खाली. मी धरते, तुमी बांधा."