हॉबसनसाहेबांची चांद्याकडची मराठी

हॉबसनसाहेबांचे किस्से आम्ही कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. शनिवारी त्यांच्याकडे चहाला गेलं, की परतताना एखादा किस्सा त्यांच्या कुत्र्याच्या केसांसारखा कोटाला चिकटून यायचा. ब्रिस्टलमधले आम्ही नागपूरकर भेटलो, की अजूनही तेच झटकत बसतो.

साहेब तरुणपणी, इंग्रजांच्या राज्यात, चांद्याच्या जंगलात शिकारी होते. पुढे बंदूक सोडली आणि जन्मभर जंगलातल्या प्राण्यांवर पुस्तकं लिहिली. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला आमची ओळख झाली, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.

*

पहिली भेट लायब्ररीतल्या त्यांच्या टॉकला. मी नुकताच वर्क परमिटवर आलेलो. उठून जपून जपून इंग्रजीत एक प्रश्न विचारला. साहेबांनी कानामागे हात धरून तो ऐकला आणि चक्क मराठीत म्हणाले, "कोन्या गावचे?"

"नागपूरचा."

"मंग इंग्रजीत कायले तरास करून घेता?"

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. मला मात्र ब्रिस्टलला आल्यापासून पहिल्यांदा हायसं वाटलं.

*

साहेबांच्या भिंतीवर एकही मुंडकं नाही, याची आमच्या देशपांडेला फार निराशा. त्याने विचारलंच, "ट्रॉफीज कुठे गेल्या?"

"लग्न ठरलं तेव्हा बायको म्हणाली, या घरात एक तर ते राहतील, नाहीतर मी."

"मग तुम्ही लगेच काढून टाकल्या?"

साहेबांची मुलगी जेन साउथहॅम्प्टनहून आली होती. चहा ओतता ओतता तीच म्हणाली, "आई सांगायची, बाबांनी विचार करायला वेळ मागितला होता."

*

शिकार का सोडली, हे सगळेच विचारायचे. एकदा त्यांनी नीट सांगितलं.

"मचाणावर बसलो होतो. वाघीण पाण्यावर आली. चाप ओढला, पण बार उडालाच नाही. हललो असतो तर तिने पाहिलं असतं, म्हणून ती जाईपर्यंत गप्प बसून राहिलो. ती पाणी प्यायली. मग वळून, मागचे पाय आधी टाकत, हळूहळू पाण्यात बसली. डोळे मिटले. तोवर मी वाघ पुष्कळ मारले होते, बघितला एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेलो, ते बंदूक न घेता."

"पश्चात्ताप झाला?" मी विचारलं.

"तो बऱ्याच वर्षांनी आला. आणि आला तो राहिलाच."

*

माझी मुलगी रिया इथेच बोलायला शिकलेली. तिने एकदा विचारलं, "आजोबा, वाघ आली की काय करायचा?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "वाघ आला. वाघीण आली. आधी ते ठरवायचं, मग पळायचं."

पुढे कित्येक दिवस रिया शेजाऱ्यांच्या मांजराकडे बराच वेळ बघून मगच बोलायची.

*

साहेब बागेत पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात जेनचा फोन. "हॉस्पिटलमधून कळवलंय, बाबा शुद्धीवर आलेत, पण काहीतरी अगम्य बरळतायत. डॉक्टरांना स्ट्रोकची शंका आहे. मी निघालेय, पण तू आधी पोचशील."

मी टॅक्सी करून गेलो. साहेबांनी एका उंच, गंभीर डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं होतं आणि ते सारखं काहीतरी बजावत होते. मी वाकून ऐकलं. शब्दन् शब्द स्वच्छ.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ही मराठी आहे. आणि माझ्यापेक्षा चांगली आहे."

डॉक्टरांनी साहेबांना हात वर करायला लावले, हसायला लावलं, डोळ्यांत टॉर्च मारला. मग म्हणाले, "स्ट्रोक नाही. गुंगी आहे ती, उतरेल."

मी तिथूनच जेनला फोन केला. तिने वाटेत गाडी बाजूला घेतली होती. सगळं ऐकून तिने ती पुन्हा सुरू केली.

तोवर साहेबांनी डॉक्टरांचं मनगट पुन्हा पकडलं होतं.

"पण ते मला सांगतायत तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"घाबरू नका म्हणतायत. तुम्ही झाडावर चढा, खाली मी उभा आहे."

डॉक्टर त्यांच्याकडे जरा वाकले. मग हळूच म्हणाले, "त्यांना सांगा, मी चढलो."

मी सांगितलं, "साहेब, ते चढले."

साहेबांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटले.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता फांदी हालवू नका म्हनाव."