मास्तरांनी खरं वय सांगितलं

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलं नव्हतं. ते बसचे कंडक्टर. पण ड्रायव्हर मंडळी कंडक्टरला मास्तरच म्हणत, आणि निवृत्तीनंतर तिकिटाचं यंत्र हातातून गेलं तरी नाव चिकटून राहिलं. त्यांचा एकच तोरा होता: पोराचं वय त्यांच्यापासून लपत नसे. मिसरूड फुटायला आलेल्या पोराला तिकीट वाचवायला मांडीवर घेऊन आई "लहान आहे हो अजून" म्हणाली, की मास्तर म्हणत, "उतरवा ताई, पाय जमिनीला टेकलेत त्याचे." वयाबद्दल खोटं बोलणारा त्यांच्या लेखी चोरच.

आणि अशा माणसाला एका खेळाने वय विचारलं. तिथेच सगळा घोळ झाला.

बायको गेल्यापासून मास्तरांना घर खायला उठायचं. लेक एका औषधाच्या दुकानात कामाला होती. तिची पहिलीतली मुलगी शाळा सुटली की आजोबांकडे यायची आणि दुकान बंद झालं की आईबरोबर घरी जायची. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. टॅब देताना लेकीने बजावलं होतं, "बाबा, चित्रं काढायची आणि गाणी ऐकायची, बस्स. मारामारीचं काही दिसलं तर मी तिला सरळ पाळणाघरात घालीन." मास्तरांनी मान डोलावली. पाळणाघराचं नाव काढलं की ते विषयच बदलत, कारण त्यांच्या अख्ख्या दिवसात जीव असायचा तो भिंगरी घरात असेतोवर.

वर्गातल्या कुणीतरी सांगितलेला एक खेळ भिंगरीने टॅबवर घेतला. "आबा, हे काय विचारतंय रे?" मास्तरांनी चष्मा लावला. खेळ जन्मसाल विचारत होता. मास्तरांनी ऐटीत स्वतःचं जन्मसाल टाकलं. घर आपलं, विचारलं आपल्याला, मग वय कुणाचं सांगायचं? समोर म्हातारा बसलाय असं समजून खेळाने सगळी दारं सताड उघडली. जन्मभर दुसऱ्यांच्या मांडीवरची पोरं पकडणारे मास्तर स्वतःच्या मांडीवरचं पोर मात्र विसरले.

खेळ कसला आहे ते लवकरच कळलं. बंदुका, रक्त, धडाधड पडणारी आणि पुन्हा उठणारी माणसं. मास्तरांचा हात टॅब काढून घ्यायला पुढे झालाही. पण भिंगरी आता तासन्‌तास त्यांना टेकून बसायची, "आबा, हे बघ ना" करायची, आणि म्हाताऱ्याला तेवढंच तर हवं होतं. पोरं चोर-पोलीस नाही का खेळत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. वर पोरीला सांगितलं, "आईला नको हं बोलूस." कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

एका दुपारी दूध तापवायला उठले, तर ओट्याजवळ सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरला आणि मास्तर धाडकन आडवे झाले. गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

भानावर आले तेव्हा भिंगरी शेजारी मांडी घालून बसली होती. रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. शेजारच्या काकूंचं दार तर हाकेच्या अंतरावर.

"अगं, काकूंना का नाही बोलावलंस?"

"कशाला? थोडं थांबलं की उठतात ना परत." मग जरा कंटाळून म्हणाली, "तुला जास्तच वेळ लागला, आबा."

मास्तरांना आता उमगलं. आपण खरंच गेलो असतो तरी ही पोर अशीच शांतपणे वाट बघत बसली असती. आणि तिच्या हातात हे दिलं कुणी? आपणच.

ओट्याला धरून ते कसेबसे उठून बसले आणि तिला जवळ ओढलं. "भिंगरे, खरी माणसं अशी उठत नाहीत गं. मेली की मेली."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

तिने मान वर केली. "मग आजी?"

"नाही बाळा. आजी आता नाही यायची."

भिंगरीने जसा हंबरडा फोडला, तसा तिने आजी गेली तेव्हाही फोडला नव्हता. तेव्हापासून ती बिचारी आजी परत येईल म्हणून नुसती थांबून होती. मास्तरांनाही रडू आवरेना.

रडं ओसरल्यावर त्यांनी टॅब कपाटात ठेवला, तशी बया उसळली. "तू वाईट आहेस! मी येणारच नाही तुझ्याकडे!" मास्तरांनी ऐकून घेतलं, पण कपाट उघडलं नाही.

संध्याकाळी लेक आली. पाय घसरला एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. मास्तरांनी सगळं सांगितलं, जन्मसालापासून.

"आणि मला सांगू नको म्हणालात तिला?"

"हो."

"तुमच्या भरवशावर सोडते मी तिला, बाबा." ती ओरडली असती तर परवडलं असतं. "सोमवारपासून पाळणाघर."

"बरोबर आहे तुझं," मास्तर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

लेकीने दप्तर उचललं. बूट घालून गाल फुगवून दारात उभी असलेली भिंगरी मात्र हलेना.

"आई, आबा सोमवारी पडला तर काकूंना कोण बोलावणार?"

"चल भिंगरी, उशीर होतोय."

"अगं, तो आपोआप नाही उठत," भिंगरी आईला समजावू लागली. "खरी माणसं नाही उठत. आपल्याला बोलवावं लागतं कुणालातरी."

लेक दारातच थबकली. मग दप्तर खाली ठेवून ती आत आली, बापाशेजारी टेकली आणि म्हणाली, "दाखवा बघू गुडघा."