नावापुरती रफ्तार

घनसावंगी ते कुंभार पिंपळगाव या रस्त्यावर मुनीरभाईंची काळी-पिवळी जीप कित्येक वर्षं धावली. बाजाराच्या दिवशी आत बसायला जागा नसायची, टपावर भाजीची गाठोडी आणि मागच्या पायरीवर दोघं-तिघं लटकलेले. त्यांची मुलगी कहकशा शाळेला सुट्टी असली की पुढे बापाच्या बाजूला अंग चोरून बसायची. तिला खिडकीबाहेरचं काही बघायचं नसायचं. खड्डा आला की पुढचं चाक कसं खाली जातं, मागच्या बाकावरची माणसं नेमकी कधी उडतात, हे ती मान वळवून बघत राहायची.

"अब्बा, आगे बैठे तो लगता नै, पीछेवालेच क्यूँ उछलते?"

"कमान को पूछ," मुनीरभाई चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं नाव घेत म्हणायचे आणि हॉर्न दाबायचे.

कमानीला विचारता विचारता पोरगी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअर झाली आणि चाकणजवळच्या तेजरथ मोटर्समध्ये लागली. तेही कुठं, तर 'रफ्तार' विभागात.

तेजरथ कंपनी साध्या गाड्या बनवायची. नवरा-बायको, दोन पोरं आणि डिकीत गावाकडच्या धान्याचं पोतं, अशा हिशेबाच्या. पण तिच्याच आवारात एका कोपऱ्यातल्या शेडमध्ये मूठभर माणसं त्यातलीच एक छोटी गाडी घेऊन ती खोलायची आणि नव्यानं बांधायची. इंजिनात जोर, ब्रेकला धार, स्टिअरिंगला नेमकेपणा. कहकशाकडे शॉकअप होते. चाक खड्ड्यातून वर आलं की गाडीला किती उसळू द्यायचं आणि वळणावर किती कलू द्यायचं, हे त्या शॉकअपमधल्या तेलावर आणि बारीकशा झडपांवर ठरतं. ती झडप बदलायची, गाडी पळवून आणायची, परत खोलायची. सोबतचे कंटाळून चहाला जायचे, हिचं चालूच.

अशी तयार झालेली लाल गाडी घेऊन ती एकदा ईदला घरी आली. मुनीरभाईंना तिनं स्टिअरिंगवर बसवलं आणि त्यांच्याच जुन्या रस्त्यावर नेलं. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची पार चाळण केलेली. मुनीरभाई आधी सवयीनं खड्डे चुकवत होते. मग चुकवायचे थांबले. पुलाजवळचं आडवं वळण त्यांनी असं घेतलं, की कहकशाच हसायला लागली. गाडी थांबवून ते खाली उतरले, वाकून चाकांकडं बघितलं आणि म्हणाले, "सडक नयी बनाए क्या रे इन लोगां?"

कंपनीत तिला पुढे बक्षिसं मिळाली, पगार वाढला, पण बापाच्या त्या एका वाक्याची सर कशालाच आली नाही.

मग एका सकाळी शेडमध्ये मुख्य कार्यालयातले दोन साहेब आले. चांगलं बोलले. धुराचे नियम कडक होत चाललेत, पुढचा जमाना बॅटरीचा, लोकांना आता उंच गाड्या हव्यात, तुमची गाडी विकली जाते फार थोडी आणि तिच्यापायी खपावं लागतं फार. यातलं खोटं काही नव्हतं. कहकशा मान हलवत ऐकत होती. घर बदलावं लागतं, शेत विकावं लागतं, तसा एखादा विभागही बंद होतो, अशी मनाची तयारी तिनं चालवली होती. तेवढ्यात त्यातले एक साहेब म्हणाले, "विभाग राहणार नाही, पण नाव आपण सोडत नाही. रफ्तार या नावाला बाजारात किंमत आहे."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे रफ्तार एडिशन. प्रत्येक मॉडेलमध्ये."

"आणि बांधणार कोण?"

"बांधायचं काय त्यात?" साहेबांना तिचा प्रश्नच कळला नाही.

शेडमधली माणसं पांगली. कुणाला बॅटरीच्या कामावर घेतलं, कुणी दुसरी कंपनी धरली. कहकशाला पाठवलं सजावट विभागात. तिथं पट्टे कुठल्या लाल रंगाचे असावेत यावर तासन्‌तास बैठका चालायच्या. एक दिवस तिला हेडफोन देऊन आवाज ऐकवले. इंजिन आहे तेच राहणार होतं, पण ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या स्पीकरमधून गुरगुर ऐकू यावी, अशी योजना होती. पाचातली कुठली गुरगुर बरी, ते तिनं सांगायचं होतं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

घरी आल्यावर अनवरीबींनी, तिच्या अम्मीनं, काही विचारलं नाही. फक्त जेवताना भाकरी जास्त वाढायला लागल्या. शेजारणी मात्र विचारायच्या. विभाग म्हणजे काय, तो बंद झाला तर कंपनी कशी चालू, आणि कंपनी चालू असताना हिनं नोकरी का सोडली, हे सांगता सांगता कहकशाचा घसा कोरडा पडायचा. शेवटी ती नुसतं म्हणायची, "काम उरलं नव्हतं."

दोन-तीन महिन्यांनी जालन्याच्या शोरूमचे मॅनेजर हरिओम घनसावंगीला दारात हजर. हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, आपल्याकडं रफ्तार एडिशन लाँच होऊन राह्यलं. अन् ती गाडी बनवणारी आपल्या जिल्ह्याची लेक! तुमचा सत्कार ठेवलाय. न्हाई म्हणू नका."

"ती गाडी मी बनवलेली नाही."

"नाव तर तेच हाये ना?"

ती नाहीच म्हणणार होती. पण आत अनवरीबींनी ठेवणीतली ओढणी काढून इस्त्रीला घेतली होती, आणि खरं सांगायचं तर कहकशाच्या मनातही एक वेडी आशा होती. चाकणला कुणीतरी शहाणपणा केला असेल, निदान शॉकअप तरी ठेवले असतील.

शोरूममध्ये फुगे लावले होते. गाडीवर रेशमी कापड. ते ओढल्यावर टाळ्या पडल्या. लाल रंग, काळे पट्टे, मागं झळाळत्या अक्षरांत 'रफ्तार'. कहकशा तिथंच, नव्या ड्रेससकट, चाकाजवळ उकिडवी बसली आणि आत डोकावली. स्प्रिंग साधी. शॉकअप साधे. वळणावर गाडीला कलू न देणारा जाडा आडवा दांडा शेडमधल्या माणसांनी जुन्या गाडीत घातला होता, त्याच्या जागी नेहमीचा बारका. साहेबांच्या त्या बैठकीत तिला रडू आलं नव्हतं. इथं आलं. ते गिळून ती उठली, तर मुनीरभाई गाडीभोवती फिरत होते.

"दिखती तो एकदम बढिया है, बेटा."

"अब्बा, अंदर कुछ नै है."

"हां, लेकिन दिखती अच्छी है."

बापावर तिला आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला.

शाल, नारळ झालं. हरिओमनं माईक हातात दिला. कहकशा सरळ बोलली. "रफ्तार या नावासाठी आम्ही जीव ओतून काम केलं. घनसावंगीच्या रस्त्यावर जी गाडी अंग हलू देत नव्हती, ती आम्ही बांधली होती. पण ही ती गाडी नाही. हिच्यात आमच्या कामातलं काही नाही. हे नुसते पट्टे आहेत. घ्यायची तर समजून घ्या."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी. माईकवर बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत. बोललेलं कुणाच्या कानात शिरलंय असं कुणाच्या तोंडावर दिसलं नाही. हरिओम मात्र घाम पुसत होता.

चार दिवसांनी सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलवर ती दिसायला लागली. शाल पांघरलेली कहकशा म्हणतेय, "रफ्तार या नावासाठी आम्ही जीव ओतून काम केलं. घनसावंगीच्या रस्त्यावर जी गाडी अंग हलू देत नव्हती, ती आम्ही बांधली." पुढं गाडीची गुरगुर आणि शोरूमचा पत्ता. 'होती' हा शब्दसुद्धा कापलेला.

ती तडक एसटीनं जालन्याला गेली. हरिओमनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, व्हिडिओ आमी न्हाई केला. जाहिरातवाल्यांकडं दिल्ता, त्यांनी बारका केला."

"बारका नाही, खोटा केलाय. काढा तो."

"वर विचारावं लागंल."

"मग विचारा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला, तिकडून दुसरा नंबर मिळाला, त्यावरून तिसरा. शेवटी एका बाईनं तक्रार नोंदवून घेतली आणि आपल्याशी बोलून आनंद झाला असं सांगितलं. व्हिडिओ चालूच राहिला. रस्त्यात भेटेल तो तिचं अभिनंदन करायचा. ती "ते खोटं आहे" म्हणायची, आणि माणसं हसून म्हणायची, "किती साधी हाये पोरगी."

मग राजानंद आला. कुंभार पिंपळगावचा, घरची बागायती, बापाच्या वेळेपासून मुनीरभाईंच्या जीपचं गिऱ्हाईक. तिशीतला, मोकळा माणूस. आज मात्र कपाळाला आठी होती. दारात तीच लाल गाडी.

"ताई, तुमचा व्हिडिओ बघून घेतली. अंबड रोडला वळनावर अशी कलती, की आमची मंडळी वरडली. लेकरू उलटी करून राह्यलं. हे काय बनवलं तुमी?"

कहकशा काय सांगणार? की मी नाही म्हणाले होते, पण तेवढंच कापलं? तरी तिनं सांगितलं. राजानंद ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग आता?"

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला काम दिल्यासारखं झालं. "गाडी ठेवून जा," ती म्हणाली.

जुन्या रफ्तारचे शॉकअप बनवणं केव्हाच बंद झालं होतं. चाकणच्या जुन्या सहकाऱ्यांना तिनं फोन लावले. उरलेला माल वितळवायला गेल्याचं कळलं. तरी तिनं सोडलं नाही. जालन्याच्या भंगारवाल्यांकडं फिरता फिरता तिला एक अपघातातली जुनी रफ्तार सापडली. तोंड चेपलेलं, पण चारही शॉकअप आणि तो जाडा दांडा शाबूत. दोन्ही गाड्यांचा खालचा सांगाडा एकच, त्यामुळं ते बसणार होते. मुनीरभाईंच्या जीपच्या शेडमध्ये तिनं ते उघडले, धुतले, नवं तेल भरलं, झडपा पुन्हा लावल्या. अनवरीबी चहा आणून ठेवायच्या आणि तो तसाच गार व्हायचा. मुनीरभाई जॅक लावायला वाकायचे, कंबर धरून उठायचे, पण शेडमधून हलायचे नाहीत.

गाडी तयार झाल्यावर राजानंदला तिनं त्याच अंबड रोडला नेलं. वळण आलं तसं त्यानं ओठ दाबून धरले. वळण गेलं. तो पुढं गेला, परत फिरला, पुन्हा तेच वळण घेतलं. "आयला, ताई!" एवढंच बोलून तो मोठ्यानं हसत सुटला. कहकशाही हसली. तिला वाटलं, झालं. जगात निदान एक गाडी तरी आपल्या नावाला जागते आहे.

ते समाधान पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत टिकलं.

राजानंद आला तेव्हा आत येऊन बसला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. "ताई, शोरूमवाले म्हनले गाडीत बाहेरचं सामान हाये, वॉरंटी बंद. इंजिनाचं काही झालं तरी आमी न्हाई बघणार."

"इंजिनाला मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मी बी तेच म्हनलं. ते ऐकत न्हाईत."

"मग?"

त्यानं मान खाली घातली. "परत होतं तसं करून द्या. आमचे वडील लई बोलून राह्यले."

"पुन्हा तशीच कलेल."

"हळू चालवीन."

कहकशाला काय काय म्हणायचं होतं. पण शेडमध्ये जाऊन तिनं पाने काढले. जे बसवायला आठवडे गेले होते, ते काढायला दुपारसुद्धा पुरी लागली नाही. कंपनीचे शॉकअप जागेवर घालताना तिच्या हाताला एवढा जोर आला होता, की एक पाना घसरून बोटाचं साल गेलं. राजानंद बाजूला अवघडून उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ताई, तेवढं पट्ट्याला वरखडा नका जाऊ देऊ."

मुनीरभाईंनी तिच्या हातातून पाना घेतला. "तू बैठ. मैं कसता," ते म्हणाले, आणि पुढचं एक चाक त्यांनी एकट्यानं बसवलं.

गाडी गेली. गुरगुर स्पीकरमधली असल्यानं आतल्यांनाच ऐकू येत असणार. बाहेरून ती अगदी साध्या गाडीसारखी गेली.

त्यानंतर कहकशानं कंपनीला लिहिलं, जाहिरातवाल्यांना लिहिलं, ती वकिलालाही भेटून आली. वकील म्हणाला, बोललात तुम्हीच, आवाज तुमचाच, कापल्याचं सिद्ध करायला वेळ जाईल. व्हिडिओ यथावकाश आपोआप मागं पडला. कुणी माफी मागितली नाही. तिनं जालन्याला यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. मालक बरा आहे, काम नेमकं आहे. भाग कुठल्या यंत्रात जातात हे तिनं अजून विचारलेलं नाही.

पहिल्या पगाराच्या महिन्यात एकदा ती घरी चिडचिड करत असताना अनवरीबी म्हणाल्या, "नौकरी लगी, अब तो गुस्सा छोड."

"अम्मी, उन्होंने बंद किया उसका गम है," कहकशा म्हणाली. "नाम चालू रखा, उसका गुस्सा है. गम जाएगा."

मुनीरभाई जेवत होते. त्यांनी बायकोकडं बघून मान हलवली, की आता पुढं काही बोलू नको, आणि पोरीच्या ताटात आणखी थोडं सालन वाढलं.