धुक्याच्या दिवसांतलं ऊन

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हात आपोआप कानाला जातो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी लखनौत एका ठाण्याचा प्रभारी होतो. जानेवारीचे दिवस, आठवडाभर धुक्यामुळे सूर्य दिसला नव्हता. अलीगंजमध्ये रविवारी दुपारी एका घरमालकाकडे चोरी झाली, मालकिणीचे लग्नातले दागिने गेले. कुलूप शाबूत. जादा किल्ली वरच्या मजल्यावरच्या तरुण मराठी भाडेकरूकडे असे. मालकाच्या मेहुण्याने स्वतः येऊन खबर दिली, "साहब, इतवार को मैंने उसे चौक में सर्राफ के यहाँ देखा है."

मंगळवारी संध्याकाळी भाडेकरू स्टेशनवर उतरला, तिथूनच त्याला ठाण्यात आणला. शुक्रवारी त्याला एका संशोधन संस्थेत रुजू व्हायचं होतं. अटक झाली की नोकरी गेलीच.

"साहेब, रविवारी मी सिमल्याहून कुफ्रीला गेलो होतो. दिवसभर बर्फावर स्कीइंग केलं आणि संध्याकाळी सिमल्यात परत. रेल्वेचं तिकीट तर टीसीने दारातच घेतलं हो!"

तो मराठीत बोलत होता आणि शिपाई माझ्याकडे बघत होते. साहेब आपल्या माणसाला सांभाळतात असं कुणी म्हणू नये, म्हणून मी मुद्दाम हिंदीत दरडावलं, "बर्फ पर फिसलने गए थे? कहानी अच्छी है!" मिणमिणत्या दिव्यात माकडटोपीतलं लालबुंद तोंड पाहून हा प्यायलाय, असंही ठरवून टाकलं. रात्रभर त्याला चौकशीसाठी बसवून ठेवला.

सकाळी अटकेचा कागद भरायला घेतला, तोच म्हातारे हेड कॉन्स्टेबल लगबगीने आले. पोरगा नळावर टोपी काढून तोंड धूत होता.

"हुज़ूर, ज़रा इसका चेहरा देखिए. ये धूप कहाँ से लाया? यहाँ तो हफ़्ते भर से सूरज नहीं निकला!"

नाकाची कातडी सोलत होती. गाल भाजलेले, आणि डोळ्यांभोवती गॉगलचे दोन पांढरेशुभ्र गोल! मला माझीच लाज वाटली. सिमल्याला वायरलेस पाठवला; दुपारपर्यंत उत्तर आलं. हॉटेलच्या रजिस्टरात रविवार रात्रीची त्याची सही होती.

मग मेहुण्याला बोलावलं, चहा पाजला.

"चेहरा ठीक से देखा था न?"

"बिलकुल साहब! दो हाथ की दूरी से. वही साफ़, गोरा चेहरा."

मी पोराला समोर उभा केला. मेहुण्याने हातातला कप खाली ठेवला. तासाभरात तो कबूल झाला. बहिणीच्या जुडग्यातली किल्ली त्यानेच वापरली होती. संध्याकाळी पंचनामा करून त्याच्या ट्रंकेतून सगळे दागिने काढले. ठाण्यात अक्षरशः दिवाळी झाली, हेड कॉन्स्टेबलसाहेबांनी सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

शुक्रवारी मी स्वतः जीपने पोराला संस्थेच्या फाटकापर्यंत सोडलं. परक्यावर अन्याय करू नये, हे प्रशिक्षणात शिकवतात. निःपक्षपाती दिसण्याच्या हौसेपोटी आपल्याच माणसावर अन्याय होतो, हे मला त्या सोललेल्या नाकाने शिकवलं. फाटकाशी मी त्याच्याशी पहिल्यांदा मराठीत बोललो.

"चुकलं माझं," म्हणालो.