ॲक्रॉइड आणि रोज उतरणारा काटा

स्टॅनली ॲक्रॉइड वारला तेव्हा त्याच्या मुलीने एडविन सग्डेनला फोन केला. चर्चमध्ये वाचायला बाबांबद्दल चार ओळी लिहून द्याल का, असं तिने विचारलं. एडविन हो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की ॲक्रॉइडला मुलगी आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. दर ऑक्टोबरात हा माणूस त्याच्या स्वयंपाकघरात येऊन घर तापवणारा बॉयलर तपासून जायचा. इतक्या वर्षांत कळलं ते एवढंच, की तो पिशवीतून स्वतःच्या चौकडीच्या सपाता आणतो, दारात बूट काढून त्या घालतो, चहा कडक घेतो आणि बसत नाही. हे लिहून झाल्यावर कागद बराच रिकामा राहिला. मग एडविनने त्या फेब्रुवारीची हकीकत आठवायला घेतली.

त्या हिवाळ्यात ॲक्रॉइड खुब्याच्या ऑपरेशनमुळे घरी होता, आणि नेमका तेव्हाच बॉयलरचा दाब उतरू लागला. बॉयलरवर घड्याळासारखी छोटी तबकडी होती. तिचा काटा एकच्या थोडा वर हवा. सकाळी पाहावं तर काटा शून्याला टेकलेला आणि घर गारठलेलं. खालच्या दोन तोट्या उघडून पाणी आत सोडलं की काटा वर यायचा. आधी हे आठवड्यातून एकदा करावं लागे, मग दिवसाआड, मग रोज. जनावराला पाजावं तसं एडविन दाढीच्या आधी बॉयलरला पाणी पाजू लागला.

कीथली गावातले दोन कारागीर वेगवेगळ्या दिवशी येऊन गेले. दोघांनी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरच्या सांध्यांवरून हात फिरवला. हात कोरडेच निघाले. मग दोघांनीही सांगितलं की गळती जमिनीखालच्या पाइपात असणार, स्वयंपाकघराची जमीन फोडावी लागेल.

ती जमीन एनिडने केली होती. एनिड म्हणजे एडविनची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकाआड एक लाल आणि काळ्या फरश्या तिने एका उन्हाळ्यात गुडघ्यांवर बसून स्वतः बसवल्या होत्या. सिंकपाशी चुकून दोन लाल फरश्या शेजारी आल्या. एडविनने ते दाखवलं तेव्हा, तू इथे फरश्या बघायला येतोस की भांडी घासायला, असं तिने विचारलं आणि विषय संपला. त्या फरश्या आता गुरुवारी फुटायच्या होत्या. फोडणाऱ्या माणसाने डायरीत एडविनचं नाव लिहिलं होतं, आणि लिहिलेलं नाव खोडायला लावणं एडविनला जमण्यासारखं नव्हतं.

एडविनने ॲक्रॉइडला कळवलं नव्हतं. आजारी माणसाला कशाला त्रास. पण पेपरच्या दुकानात कुणीतरी बोललं असावं. मंगळवारी सकाळी ॲक्रॉइडचा फोन आला की दहाला येतो, आणि दहाला तो काठी टेकत दारात उभा राहिला. त्याला सपाता घालायला वेळ लागत होता, तेवढा वेळ एडविन खिडकीबाहेर बघत राहिला.

ॲक्रॉइडने सगळं ऐकून घेतलं. पाणी सोडून काटा एकच्या थोडा वर आणला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला. चहा झाला. दुसरा चहा झाला. दोघं तबकडीकडे बघत होते. बोलायला दुसरा विषय नव्हता.

"तास झाला," ॲक्रॉइड म्हणाला. "काटा हलला?"

"नाही."

"जमिनीखाली भोक असतं तर हलला असता. भोक काय तुमची भीड धरून थांबलंय?"

एडविनने माफी मागितली. ॲक्रॉइडने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही घरात ओव्हरकोट घालून का बसलाय?"

तुम्ही येणार म्हणून हीटिंग बंद ठेवलंय, असं एडविनने सांगितलं. गरम यंत्रात हात घालायला लागू नये म्हणून. ते दोघं आले तेव्हाही आदल्या दिवसापासून बंद ठेवलं होतं. पहिल्यापासूनच, कुणीही यायचं असलं की तो तसंच करत आला होता.

ॲक्रॉइडने कप खाली ठेवला. "चौदा वर्षं मी बायकोला सांगत आलो, सग्डेनकडे जायचंय, दोन बनियनं काढ. माणूस भला आहे, पण कंजूष."

मग त्याने पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी मागितली. मागच्या भिंतीतून एक तांब्याची नळी बाहेर येऊन खाली गटारावर वाकली होती. तिच्या तोंडाला त्याने ती पिशवी रबराने बांधली, आत आला आणि हीटिंग पूर्ण सुरू करायला सांगितलं. पाणी तापलं तसा काटा चढू लागला. दीडवर गेला, दोनवर गेला, तीनला टेकायला आला. खिडकीबाहेर पिशवी पाण्याने फुगत गेली आणि शेवटी रबरासकट गळून पडली.

"ही तुमची गळती," ॲक्रॉइड म्हणाला.

पाणी तापलं की फुगतं. त्या फुगवट्याला जागा म्हणून बॉयलरच्या आत हवेची एक टाकी असते. तिच्यातली हवा गेली होती. जागा नाही म्हटल्यावर पाणी सुरक्षेच्या झडपेतून बाहेर पडायचं आणि सकाळी, पाणी निवल्यावर, तेवढं कमी भरायचं. कारागीर येत तेव्हा यंत्र गार, त्यामुळे त्यांना काहीच दिसलं नाही. बाहेरची ओल एडविनने पाहिली होती, पण सदा पावसाच्या कीथलीत भिंतीखालच्या ओलीची चौकशी कुणी करत नाही.

ॲक्रॉइडने बॉयलर निवू दिला, पाणी बाहेर सोडून दाब काढला आणि गाडीच्या चाकाच्या पंपाने टाकीत हवा भरली. झडप एकदा उघडली की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून तीही बदलली. हात पुसताना त्याने सिंकपाशी सपातेचं टोक टेकवलं.

"या दोन लाल."

"एनिडने बसवल्यात."

"चौदा वर्षं खुपतायत डोळ्यांत." त्याने पाय मागे घेतला. "राहू देत. आता त्या गुरुवारच्या माणसाला फोन करा."

"त्याने डायरीत लिहिलंय हो."

"मग त्याला या फरश्यांवर उभं करून तुम्हीच समजावा. हातात हातोडा असेल त्याच्या."

एडविनने फोन केला. तीन वेळा माफी मागितली. पलीकडचा माणूस म्हणाला, बरंच झालं, कंबर धरलीय.

पुढच्या ऑक्टोबरात एडविनने पहाटेपासून हीटिंग चालू ठेवलं. ॲक्रॉइडने आधी कोट काढला, मग स्वेटर, मग दुसरा स्वेटर. काटा जागेवर होता. त्याने चहा उभ्यानेच घेतला, सपाता पिशवीत घातल्या आणि पायरीवर जाऊन मागे वळला.

"दार लावून घ्या, मिस्टर सग्डेन. ऊब बाहेर चाललीय."

"हो, लावतो," एडविन म्हणाला.