वहिनीची इयत्ता

शालनवहिनी रोज सकाळी दहाला सोप्यात बसून हजेरी घ्यायची. समोर पोरी दोनच, थोरली गौरी आणि धाकटी सई. पण वहीत नावं तीन. "गौरी." "हजर." "सई." "हजर." मग जरा थांबून ती तिसरं नाव वाचायची, "शालन," आणि स्वतःच खालमानेनं म्हणायची, "हजर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसले. सांगलीच्या शाळेत वीस वर्षं हजेरी घेणारी मी बाई. मला वाटलं, पोरींना रमवायची तिची ही गंमत असणार. गंमत नव्हती. तिला शिकायचं होतं, आणि पोरींना शिकवता शिकवता ती खरंच शिकत होती. हे माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर झाला. अजून आठवलं की मला माझाच राग येतो.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर आटपाडीच्या बाजूचं, वडील मेंढरं घेऊन फिरणारे. शाळा झाली ती तिसरीपर्यंत, तीही चार गावांत मिळून. कडेगावजवळच्या आमच्या गावात नांदायला आली तेव्हा सही करता येत होती आणि एसटीची पाटी वाचता येत होती. दादा फौजेत होता. पेन्शनीत निघाला, ऊस लावला आणि गुरुमंत्र घेतला. दादाचं सगळं पलटणीच्या शिस्तीत, देवधर्मही तसाच. पहाटे चारला नामस्मरण, कांदा-लसूण बंद, बाहेरचं अन्न वर्ज्य. लॉकडाऊनात पोरी घरी बसल्या त्या बसल्याच. शाळा उघडल्यावर आज पाठवतो, उद्या पाठवतो चाललं होतं; त्यात पुढं दुपारच्या खिचडीबरोबर अंडी आली आणि दादाला भक्कम कारण मिळालं.

"शाळंत पोरींच्या पोटात काय जातंय आन डोस्क्यात काय जातंय, कोण बघतंय?" तो म्हणाला. "घरात शिकतील. शालन शिकवंल."

तिसरी शिकलेली बायको शिकवणार! मी फोनवर कडाकडा भांडले. हेडमास्तर भला माणूस, त्यांनी पोरींची नावं पटावर ठेवली. परीक्षेपुरत्या त्या जायच्या. आणि आठवड्याभरात वहिनीचा मला फोन आला.

"वन्सं, तुमी मला शिकवा. उद्याचं आजच सांगत जावा. पोरींम्होरं माझं हसं व्हायला नगं."

माझी शाळा सकाळची. दुपारी अडीचला वहिनीचा मिसकॉल यायचा. म्हशींना वैरण टाकून ती गोठ्याच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. मागं म्हशींच्या घंट्या वाजायच्या, इकडे मी भाजीच्या पिशवीवर कागद ठेवून गणित सोडवायची. ती पटकन पुढं जाऊ द्यायची नाही. "आदी मला कळू द्या. मला कळल्याबिगार पोरींस्नी सांगायचं म्हंजे रिकामं ताट निवदाला दावल्यागत हुईल," म्हणायची. आणि दर दोन-चार ओळींनी तिचा ठरलेला प्रश्न, "ह्ये कुणी ठरिवलं, वन्सं?" किलोमीटर कुणी ठरवला, आठवड्याला सातच दिवस कुणी ठरवले, मधल्या सुट्टीला मधली का म्हणायचं. वीस वर्षांत मला एकाही पोरानं इतकं छळलं नव्हतं.

गौरीच्या सहावीच्या गणितात ऋण संख्या आल्या. दोन दिवस वहिनीला पटेना. तिसऱ्या दिवशी फोन आला तो धापा टाकत. ती विहिरीत उतरून आली होती. "वन्सं, जिमीन म्हंजे शून्य! वर गेलं की एक, दोन. खाली पायरी उतरली की वजा एक, वजा दोन. पानी वजा अठराला हाय!" मग म्हणाली, "शून्याच्या खाली बी एवढं आकडं हायेत, आन मला आजवर कुणी सांगितलंच न्हाई." हे ती रुसल्यासारखं म्हणाली, मला हसू आलं. म्हशीच्या पोटात चार कप्पे असतात हे कळलं त्या दिवशी तर तिनं म्हशीची माफी मागितली होती. "जल्मभर वैरण टाकली, पर तुला काय ध्येनात घ्येतलं न्हाई गं बाई."

एकदा मी गावी असताना दादाचे गुरुबंधू घरी आले. पोरींनी त्यांना घडाघडा श्लोक म्हणून दाखवले. तेही वहिनीनंच पाठ करून घेतलेले, त्यात तिची कसूर नसायची. पाहुणे खूष झाले. म्हणाले, "माऊली, पोरींना चांगलं शिकवता तुम्ही." वहिनी पदर सावरत म्हणाली, "मी कुठलं शिकवती? मी शिकती, पोरी आयकत्यात." दादासकट सगळे हसले. विनयानं बोलली असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मी मात्र माझ्या मोहिमेवर होते. पोरी घरात कोंडल्या आहेत, त्यांना मैत्रिणी नाहीत, मैदान नाही, हे मी दादाला पाच वर्षं ऐकवत राहिले. ते खोटं नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. गौरीची सातवी झाली आणि दादा नमला. डबा घरचाच खायचा या अटीवर दोघींची नावं कडेगावच्या शाळेत घातली. मी सांगलीहून दप्तरं घेऊन गेले. पहिल्या दिवशी पोरी एसटीत चढल्या तेव्हा वहिनी फाट्यावर उभी होती. हसतच होती. परतताना मी म्हटलं, "सुटलीस बघ वहिनी! आता दुपारी निवांत झोप काढ." ती म्हणाली, "व्हय की."

पंधरा दिवसांनी अडीचला फोन आला. "वन्सं, आठवीच्या पुस्तकांचा एक संच जादा मिळंल काय?"

"कशाला? गौरीकडं आहे की."

"तिचं दप्तरात जातंय."

"मग संध्याकाळी ती आल्यावर बघ, काय बघायचं ते."

"व्हय, तसं बी हाय," ती म्हणाली.

पुस्तकं माझ्या शाळेच्या कपाटात पडून होती. उचलून एसटीच्या कंडक्टरकडे दिली असती तरी पोहोचली असती. त्यानंतरही तिचे दोन-तीनदा फोन आले. मी विचारलं, "काही काम होतं का?" "न्हाई, वेळ झाली म्हनून लावला." पेपर तपासतेय, नंतर करते, असं म्हणून मी ठेवला. नंतर केला नाही.

गौरीनं पुढं रडत रडत मला सांगितलं ते वेगळंच. आई रोज संध्याकाळी भाकरी थापताना विचारायची, आज काय शिकवलं? पहिले काही दिवस हिनं सांगितलं. मग एकदा कंटाळून म्हणाली, "आई, तुला न्हाई कळायचं ते." वहिनीनं पुन्हा विचारलं नाही.

भाद्रपदात तिला ताप आला. आधी अंगावर काढला. सांगलीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा डेंग्यू बराच पुढं गेला होता. मी उशाशी होते. डॉक्टर पेशी कमी झाल्याचं सांगून गेले. वहिनीनं डोळे उघडले. "वन्सं, रगतात पेशी किती तऱ्हेच्या असत्यात? त्या धड्यापत्तुर आपून आलोच न्हाई."

मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवत म्हटलं, "बोलू नकोस. बरी झालीस की सांगते." दोन मिनिटांचं काम होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. चौतीस वर्षांची होती.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे बसले होते, एकही खाली येईना. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तरी मी श्वास रोखून बघत होते. दादानं हात जोडले. "शालन, पोरींची शाळा बंद करत न्हाई. शिकू देतो. जा आता." कावळा हलला नाही. गौरी म्हणाली, "सईला मी सांभाळीन, आई." तरी नाही. ऊन चढलं. शेवटी दादा माझ्याकडं वळला. "तू बोल. तुझ्यावर तिचा जीव व्हता. काय ऱ्हायलं असंल तिचं, तुलाच ठावं."

मला ठावं होतं. मी पुढं झाले. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मी म्हटलं, "वहिनी, पोरींचं मी बघते. खूप शिकवते त्यांना."

कावळा आला नाही. दादानं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घराकडं निघाली. सगळ्यांनी पोरींचंच वचन दिलं होतं, मीसुद्धा. आमच्या वहिनीला आठवी शिकायची होती, एवढं एक वाक्य त्या चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली.